भिवंडीची नोंद कोणाच्या वहीत?

भिवंडीचं नाव वर्तमानपत्रात येतं ते ठरावीक कारणांनी. कुठल्याशा गोदामाला आग लागते, एखादी जुनी इमारत कोसळते, सुताचे भाव चढून माग थांबतात, नाहीतर महामार्गावर ट्रकांची रांग लागते. दंगलीची बातमी येऊन बराच काळ लोटला, तरी नाव निघालं की वडीलधाऱ्यांना आधी तीच आठवते. या बातम्यांतून जे गाव डोळ्यांपुढे उभं राहतं त्याला ना पूर्वज असतात, ना गाणं, ना वाचनालय.

प्रत्यक्षात ठाणे जिल्ह्यातला हा फार गुंतागुंतीचा तालुका आहे. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या हद्दीत सुमारे ७ लाख १० हजार माणसं मोजली गेली. हद्द ओलांडली की खाडीकाठची आगरी गावं लागतात, कामवारी नदीच्या काठची भातशेती लागते, मग वीटभट्ट्या, आणि आणखी आत गेलं की वारली, कातकरी, मल्हार कोळी आणि ठाकरांचे पाडे. विधानसभेच्या जागाही तशाच वाटल्या गेल्यात. भिवंडी पूर्व आणि पश्चिम या शहरी, तर भिवंडी ग्रामीण अनुसूचित जमातींसाठी राखीव. मराठी, उर्दू, तेलुगू, भोजपुरी, कोकणी मुसलमानांची बोली आणि आगरी बोली या सगळ्या भाषा एकाच बाजारात घासाघीस करतात.

अशा तालुक्याचा इतिहास, त्याच्या कला आणि त्याचं सार्वजनिक जीवन लिहून ठेवलं कोणी? शोध घेतला तर कागद कमी नाहीत. ताम्रपट आहे, गॅझेटियर आहे, चौकशी आयोगाचा अहवाल आहे, पोलीस अधिकाऱ्याचं पुस्तक आहे, विकास आराखडाही आहे. मात्र यातला जवळजवळ प्रत्येक कागद लिहिणारा माणूस दुसऱ्याच कामासाठी आला होता. कोणी सारा मोजायला, कोणी गुन्हा तपासायला, कोणी जमिनीवर रंग भरायला. गाव त्यात आलं ते ओघानं.

सुरुवात दहाव्या शतकापासून करता येते. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या अपराजित राजाचा शके ९१९ चा, म्हणजे इ. स. ९९७ चा ताम्रपट अभ्यासकांना परिचित आहे. त्यात भादाणे गावाचं उत्पन्न लोनाडच्या लोणादित्य देवाच्या पूजेअर्चेसाठी लावून दिलं आहे. दोन्ही गावं आज भिवंडी तालुक्यात आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या भादाण्याची ओळख आपल्याला होते ती त्याचा सारा कोणाला मिळणार या प्रश्नातून. तिथं कोण राहत होतं, काय पिकत होतं, कोणती जत्रा भरत होती, याबद्दल ताम्रपटाला कर्तव्य नव्हतं.

लोनाडला आजही पाहण्यासारखं पुष्कळ आहे. टेकडीतली बौद्ध लेणी, तिथल्या भिंतीवरचं राजा आणि त्याच्या परिवाराचं शिल्प, खाली गावात शिलाहारकालीन मंदिराचे अवशेष. याच परिसरात गधेगळ नावाचे कोरीव दगड सापडतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी, तीही गाढवाच्या चित्रासकट. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती कळावी ही सोय. शेजारच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा दुसरा केशिदेव याचा तेराव्या शतकातला लेख आहे. ठाणे-कल्याणच्या हौशी इतिहासप्रेमींच्या सहलींमुळे या जागांची माहिती अलीकडे थोडी पसरली आहे. मात्र भिवंडी शहरातल्या शाळकरी मुलाला अजिंठा पाठ असतो आणि लोनाड ऐकूनही माहीत नसतं, असं आजही सहज घडतं.

त्यानंतर भिवंडी येते ती लढायांच्या कागदांत. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजं बांधली जाऊ लागली. पुढं वसईच्या मोहिमेत तालुक्यातल्या अंजूर गावानं मोठी कामगिरी केली. गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांच्या भावांनी पोर्तुगीज मुलखातली खडानखडा माहिती पेशव्यांपर्यंत पोचवली, माणसं जोडली, वाटा दाखवल्या. १७३७ मध्ये साष्टीची मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. चिमाजी अप्पांचं नाव घराघरात गेलं. अंजूरकरांचं नाव टिकलं ते मुख्यतः 'साष्टीची बखर' आणि घराण्यानं जपलेल्या कागदांमुळे. आपली कामगिरी आपणच लिहून ठेवण्याचं तालुक्यातलं हे विरळ उदाहरण. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधवलेलं वज्रेश्वरीचं देऊळही याच तालुक्यात आहे, आणि तिथली गर्दी मात्र कधी ओसरली नाही. जवळच अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. गणेशपुरीत १९६१ मध्ये नित्यानंद स्वामींनी देह ठेवला. त्यांचे शिष्य मुक्तानंद यांच्या आश्रमामुळे सत्तरच्या दशकात युरोप-अमेरिकेतली माणसं या आडगावात येऊन राहू लागली. त्यांच्यापैकी अनेकांनी भिवंडी शहर पाहिलं असेल ते एसटीच्या किंवा टॅक्सीच्या खिडकीतूनच.

इंग्रजी अमदानीत १८८२ च्या ठाणे गॅझेटियरनं भिवंडीची रीतसर पाहणी केली. भात सडण्याचा मोठा धंदा, खाडीतून चालणारी गलबतं, कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती अशा नोंदी त्यात सापडतात. उपयोगी ग्रंथ आहे, यात वाद नाही. पण जिल्ह्याचा कारभार चालवणाऱ्या साहेबाला जेवढं लागतं तेवढंच त्यात आहे.

आजची भिवंडी घडवली ती मागानं. १८५७ च्या उठावानंतर उत्तर प्रदेशच्या पूर्व भागातले मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले आणि आग्रा रस्त्यानं बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी इथं टप्प्याटप्प्यानं स्थिरावले. आधी हातमाग होते, १९३० च्या आसपास यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग स्वस्तात घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि चालवायचे, हे इथलं तंत्र. तेलंगणातले पद्मशाली विणकर आले आणि पद्मानगरसारखी तेलुगू वस्ती उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा गिरणीमालकांनी कापड भिवंडीत विणून घेतलं आणि त्यावर आपला छाप मारला. गिरण्यांचा भोंगा थांबला, भिवंडीची खडखड वाढली.

इथं एक विचित्र गोष्ट दिसते. गिरणगावाला त्याचं साहित्य मिळालं. नारायण सुर्व्यांची कविता आहे, जयंत पवारांचं 'अधांतर' आहे, मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखतींतून उभा केलेला मौखिक इतिहास आहे. तेच सूत, तेच कापड, तोच संप. पण गोष्टीचं दुसरं टोक, म्हणजे भिवंडीतला मागवाला आणि त्याचा कामगार, मराठी साहित्यात अंग चोरून उभा आहे. 'अधांतर'शेजारी ठेवावं असं भिवंडीचं नाटक मराठी प्रेक्षकाला पटकन आठवत नाही.

याचं कारण प्रतिभेच्या अभावात शोधण्यापेक्षा कारखान्याच्या रचनेत शोधलेलं बरं. गिरणीत हजारो माणसं एका फाटकातून आत जात. हजेरीपट असे, युनियन असे, चाळ असे, चाळीत भजनी मंडळ असे, कामगार कल्याण केंद्राची नाट्यस्पर्धा असे. भिवंडीतला कारखाना म्हणजे पत्र्याखालचा एक हॉल. विजेवर चालणाऱ्या जागी दहा किंवा अधिक कामगार असले की कारखाना कायदा लागू होई, म्हणून बारा, चोवीस मागांचे गट घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या नावावर पाडले गेले. कागदावर कारखाना छोटा राहिला आणि कामगार तर कागदावर आलाच नाही.

आत काम कसं चालतं ते पाहावं. ताण्याचा बीम मागच्या बाजूला चढवलेला, धोटा डावी-उजवीकडे आदळत असतो, त्यातली कांडी संपली की कामगार माग थांबवून दुसरी घालतो. धागा तुटला तर वाकून गाठ मारतो, आणि तोवर शेजारच्या मागाची कांडी संपत आलेली असते. एका माणसाकडे चार, सहा, कधी त्याहूनही जास्त माग. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून हातवारे चालतात. जेवण बिशीत, म्हणजे महिन्याच्या हिशेबानं चालणाऱ्या खानावळीत. ज्या खोलीत दिवसपाळीचा माणूस रात्री झोपतो तिथंच रात्रपाळीचा दिवसा झोपतो. गावी शेती, कापणीला परत जायचं. अशा जगण्यात नाट्यस्पर्धा कुठून उभी राहणार? मे २०२० च्या सुरुवातीला टाळेबंदीत भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली, तेव्हा कित्येकांना हे कामगार शहरात होते याचीच पहिल्यांदा जाणीव झाली.

भिवंडीशी मालेगाव ताडून पाहण्यासारखं आहे. तिथंही मोमीन विणकर, तिथंही माग. पण मालेगावनं घरगुती पैशांतून, ओळखीचेच नट घेऊन विडंबनपट काढले आणि २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटानं ते जगापुढे नेले. भिवंडी मुंबईच्या फार जवळ पडली. हौशी माणूस गाडी पकडून मुंबईलाच गेला.

तरीही भिवंडीत शब्दांचा दुष्काळ होता असं म्हणणं खोटं ठरेल. मे १९४९ मध्ये प्रगतिशील लेखकांची अखिल भारतीय परिषद भिवंडीत भरली होती. स्वातंत्र्याला दोन वर्षंही झाली नव्हती, कम्युनिस्ट पक्ष सरकारशी उघड संघर्षात होता आणि उर्दू-हिंदीतले नामांकित लेखक या मागांच्या गावात जमले. तिथं मंजूर झालेला जाहीरनामा इतका कडक निघाला की पुढं त्या चळवळीतच त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले. उर्दू साहित्याच्या इतिहासात भिवंडीचं नाव या परिषदेमुळे कायमचं आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ही परिषद सहसा भेटत नाही.

उर्दूची ही परंपरा खंडित झाली नाही. रईस हायस्कूल आणि समदिया हायस्कूल यांसारख्या शाळांतून पिढ्या शिकल्या, मुशायरे रात्र रात्र चालले. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय उर्दू परिषदेचा पुस्तक मेळा भिवंडीत भरला. नोटबंदीला जेमतेम महिना झाला होता, तरी पुस्तकांवर उड्या पडल्या. मराठीच्या बाजूला भिवंडीचं वाचन मंदिर आहे, पद्मश्री अण्णासाहेब जाधव यांच्या नावानं चालणाऱ्या संस्थेचं बी. एन. एन. महाविद्यालय आहे. मीनाताई ठाकरे यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, पण ते दुरवस्थेमुळे वर्षानुवर्षं बंद राहिलं आणि नाटक पाहायचं तर ठाण्याचं गडकरी किंवा कल्याणचं अत्रे रंगमंदिर गाठण्याची सवय भिवंडीकरांना लागली. पद्मशाली समाजात नवरात्राच्या दिवसांत बतुकम्मा रचली जाते, बायका फुलांच्या त्या मनोऱ्याभोवती फेर धरून तेलुगू गाणी म्हणतात. या तिन्ही भाषांतली माणसं एकाच रिक्षा स्टँडवर उभी राहतात, पण एकमेकांची पुस्तकं, पत्रिका आणि गाणी त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. उर्दूत छापलेला शाळेचा गौरवअंक मराठी अभ्यासकाला वाचता येत नाही, आणि मराठी ग्रंथालयाचा अहवाल मोमीनपुऱ्यात कोणी मागत नाही.

नोंदींची ही उणीव भरून काढणारा सर्वात मोठा दस्तऐवज आला तो दुर्दैवानं दंगलीतून. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. जळगाव आणि महाडलाही तिचे पडसाद उमटले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगानं अनेक खंडांचा अहवाल १९७५ मध्ये पूर्ण केला. विशेष तपास पथकानं पक्षपात केल्याचा ठपका ठेवणारा म्हणून हा अहवाल गाजला, आणि ते रास्तच होतं. पण इतिहासाच्या दृष्टीनं त्यात आणखी एक गोष्ट आहे. मिरवणूक का भडकली हे ठरवायचं तर तिचा मार्ग कोणता, आधीच्या वर्षी काय झालं, राष्ट्रीय उत्सव मंडळ कसं उभं राहिलं, आजूबाजूच्या गावांतून माणसं कशी जमवली गेली, नगरपालिकेतलं राजकारण काय होतं, हे सगळं पुराव्यानिशी नोंदवावं लागलं. त्यामुळे साठच्या दशकातल्या भिवंडीचं सार्वजनिक जीवन कळून घ्यायचं तर आजही या अहवालाकडेच वळावं लागतं. गाव ज्या क्षणी सर्वात वाईट वागलं, त्या क्षणाच्या निमित्तानं त्याची सर्वात सविस्तर नोंद झाली.

मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि आग कल्याण, ठाणे, मुंबईपर्यंत पसरली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी या दंगलीचा अभ्यास केला, 'भिवंडी दंगल १९८४' हे पुस्तक लिहिलं आणि मोहल्ला समित्यांचा प्रयोग उभारला. त्यांच्या आधीही शांतता समित्या होत्या, पण त्यांत प्रतिष्ठितांचा भरणा असे आणि तणाव वाढल्यावरच त्यांची बैठक होई. खोपड्यांनी मोहल्ल्यातल्या साध्या माणसांना, दोन्ही समाजांच्या, नियमित एकत्र बसवलं. चर्चा गटाराची, नळाची, भाडेकरूच्या भांडणाची. बीटचा पोलीस त्यात बसे, त्यामुळे तो ओळखीचा झाला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली, आणि मुंबईनं पुढं हाच प्रयोग उचलला. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसा झाली, दोन पोलिसांचा बळी गेला. तेव्हा समित्या ढिल्या पडल्याची चर्चा झाली. पण १९९२ च्या त्या हिवाळ्यात समित्यांत बसलेल्या बहुसंख्य माणसांनी काय केलं, अफवा कशा थोपवल्या, रात्री कोण कोणाच्या दारात बसलं, हे त्यांच्याच तोंडून कोणी पद्धतशीर गोळा केलेलं दिसत नाही. ती माणसं आता सत्तरीपुढं आहेत.

खेड्यांकडं वळलं तर नोंदींचा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण तिथली कला मुळातच तोंडी. आगरी लग्नात धवलारीण असते. हळद, तेलवण, मांडव, वरात अशा प्रत्येक विधीला तिचा धवला असतो, आणि ती गाते म्हणून विधी पुढं सरकतो. तिला पुस्तक लागत नाही. आईकडून, सासूकडून, मावशीकडून कान तयार होतो. आता हळदीला बेंजो आणि डीजे आले, धवला शास्त्रापुरता उरला. पाड्यांवर तारपा आहे, गौरी नाच आहे. वारली चित्रं जगभर गेली, पण डहाणू-तलासरीच्या नावानं. भिवंडीच्या पाड्यांना त्या प्रसिद्धीचा वाटा मिळाला नाही. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर आदिवासी संस्कृतीची चर्चाही तिकडंच गेली. या भागातल्या वेठबिगारीविरुद्ध श्रमजीवी संघटनेनं लढे दिले. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. त्या लढ्यांचे कागद आहेत, लढलेल्यांची गाणी मात्र विखुरलेली आहेत.

या सगळ्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गोदामांचा थर चढला. मुंबईची जकात चुकवून माल साठवायला महापालिकेबाहेरची ग्रामपंचायत सोयीची, म्हणून माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे, वळ, राहनाळ या गावांत पत्र्याचे शेड उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. ऑनलाइन खरेदीनं ती आणखी मोठी केली. २००७ मध्ये ६० गावांसाठी एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं गेलं. आराखड्यात गावाचं गावठाण एका रंगात, गोदाम दुसऱ्या रंगात. खाजणाची बांधबंदिस्ती, मिठागराच्या वाटा, गावदेवीची जागा यांना आराखड्यात रंग नसतो. जमीन विकलेल्या आगरी कुटुंबाकडे बंगला आणि भाड्याचं उत्पन्न आलं, आणि भातशेतीचे शब्द एका पिढीत वापरातून गेले. शहरात मात्र जुन्या इमारतींखाली माग आणि वर बिऱ्हाडं तशीच राहिली. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळून किमान ३८ जण गेले, तेव्हा बातमीत मृतांची यादी होती. त्या इमारतीत पस्तीस-चाळीस वर्षं कोणती माणसं, कोणत्या गावांहून येऊन राहिली, याची नोंद कुठंच नव्हती.

आता मागही बदलत आहेत. धोट्याचे जुने माग किलोच्या भावानं भंगारात जातात आणि जागा रॅपियर किंवा एअरजेट घेतात. मुंबईत काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात कापड गिरण्यांचं संग्रहालय उभारण्याचा प्रकल्प महापालिकेनं हाती घेतला आहे. गिरणीची कहाणी १९८२ ला थांबवायची नसेल तर त्यात भिवंडीचा एक चालू माग लागेल, बिशीची महिन्याची वही लागेल आणि मीटरवारी मजुरीची चिठ्ठीही लागेल. या वस्तू आज भिवंडीत विनासायास मिळतात. दहा वर्षांनी मिळतील याची खात्री नाही.

हे काम करायला बाहेरून कोणी यायची गरजही नाही. बी. एन. एन., जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय आणि समदिया या संस्थांत मिळून मराठी, उर्दू आणि तेलुगू घरांतली मुलं-मुली शिकतात. इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प करावेच लागतात. एका वर्गानं मोहल्ला समितीतल्या ज्येष्ठांच्या मुलाखती घ्याव्यात, दुसऱ्यानं काल्हेर-अंजूरच्या धवलारणींचं ध्वनिमुद्रण करावं, तिसऱ्यानं १९४९ च्या परिषदेची उर्दू कागदपत्रं मराठीत आणावीत. वाचन मंदिरात एक कपाट त्यासाठी मोकळं करता येईल. पहिला क्रम मुलाखतींचा लावावा लागेल, कारण कागद आणखी काही वर्षं थांबू शकतात.